जाड्या-रड्याचे स्पॅनिश

गेल्या जूनपासून आमच्या घरात एक परदेशी पाहुणी राहायला आली आहे. ती जेवत नाही, खोली अडवत नाही, पण बोलते फार. तिचे नाव स्पॅनिश. आमच्या कन्येने कॉलेजात परकीय भाषा म्हणून ती निवडली आणि तेव्हापासून सकाळी चहाच्या कपाला, दुपारी मांजराला आणि रात्री अंथरुणाला आमच्याकडे स्पॅनिश नावे मिळू लागली. घरात बाप मराठीचा प्राध्यापक असताना मुलीने स्पॅनिशच्या मागे लागावे, याबद्दल नातेवाइकांनी मला पुष्कळ टोमणे ऐकवले. मी ते हसून सोडून दिले. खरे सांगायचे तर मला आतून बरेच वाटत होते. निदान एका भाषेतल्या चुका तरी मला काढाव्या लागणार नव्हत्या!

चुका काढणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि वीस वर्षांत तो अंगी चांगलाच मुरला आहे. लग्नपत्रिका हाती आली की वधूवरांच्या नावांआधी मला ऱ्हस्व-दीर्घ दिसतात. आमच्या गल्लीतल्या वाण्याने 'उधार मिळनार नाही' अशी पाटी लावली, तेव्हा उधारी बंद झाल्याचे दुःख बाजूला ठेवून मी त्याला आधी 'ण' दुरुस्त करायला सांगितला. त्याने तो केलाही. पण त्या दिवसापासून तो माझ्याशी मोजकेच बोलतो.

तर अशाच एका संध्याकाळी मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे घेऊन बसलो होतो. आतून कन्येची हाक आली.

"बाबा, लवकर या! जाड्या-रड्या स्पॅनिश बोलतायत!"

जाड्या-रड्या म्हणजे आपले लॉरेल आणि हार्डी. मजा अशी की, स्पॅनिश लोकांनीही या जोडीचे बारसे जवळजवळ आपल्यासारखेच केले आहे. 'एल गोर्दो इ एल फ्लाको' म्हणजे जाड्या आणि हडकुळ्या. रडण्याकडे लक्ष तेवढे आपलेच गेले. मी जाऊन पाहू लागलो. वाटले, मागाहून कुणीतरी आवाज चिकटवला असेल. पण ओठ शब्दांबरोबर हलत होते आणि आवाजही त्या दोघांचेच होते. लाल पेन कानावर ठेवून मी खुर्ची ओढली. उत्तरपत्रिका त्या रात्री तशाच राहिल्या. त्यानंतरचे कित्येक रविवारही या नादात गेले.

पडदा मुका होता तोवर हॉलिवूडला भाषेची अडचण नव्हती. विनोदवीर केळ्याच्या सालीवरून घसरला, की तो माद्रिदमध्येही घसरे आणि मेक्सिकोतही. मधल्या पाट्या बदलल्या की एकच चित्रपट सगळ्या जगात चाले. १९२७ नंतर पडदा बोलू लागला आणि पंचाईत झाली. एका भाषेतले संवाद पुसून दुसऱ्या भाषेतले बसवण्याचे तंत्र अजून कच्चे होते. इकडे स्पॅनिश बोलणारा प्रेक्षक स्पेनपासून थेट आर्जेंटिनापर्यंत पसरलेला. तो गमावणे परवडणार कसे? मग एक उपाय निघाला. तोच चित्रपट, त्याच सेटवर, पुन्हा स्पॅनिशमध्ये काढायचा! आपल्या प्रभातनेही १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दोनदा काढला होता. पण मराठी नटाला हिंदी बोलायला लावणे वेगळे आणि ज्या भाषेतले ओ की ठो कळत नाही, ती एखाद्याच्या तोंडी घालणे वेगळे.

हॅल रोच या निर्मात्याने नेमके तेच केले. स्टॅन लॉरेल जन्माने इंग्लंडचा, ऑलिव्हर हार्डी अमेरिकेतल्या जॉर्जियाचा. दोघांनाही स्पॅनिश येत नव्हते. इंग्रजीतले दृश्य घेऊन झाले, की तेच दृश्य पुन्हा स्पॅनिशमध्ये घेत. भाषा शिकवणारा जवळ असे. वाक्ये उच्चारानुसार इंग्रजी अक्षरांत फळ्यावर लिहीत आणि तो फळा कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी ठेवत. नट ती वाचून बोलत. म्हणजे रड्या भांबावून भलतीकडे पाहतो आहे असे आपल्याला वाटते, तेव्हा तो बिचारा पुढचे वाक्य शोधत असण्याचाही संभव आहे!

१९३० आणि १९३१ या दोन वर्षांत या जोडीचे असे कितीतरी विनोदपट निघाले. 'लाद्रोनेस' म्हणजे चोर, 'ला विदा नोक्तुर्ना' म्हणजे रात्रीचे जीवन, 'तिएंब्ला इ तितुबेआ' म्हणजे थरथर आणि अडखळ. बस्टर कीटनसारख्या कधी न हसणाऱ्या विनोदवीरालाही १९३० साली 'एस्त्रेयादोस'मध्ये स्पॅनिश बोलावे लागले. मूळचे छोटे विनोदपट स्पॅनिशमध्ये लांबवले जात, म्हणजे तिकडच्या चित्रगृहांत ते मुख्य खेळ म्हणून लावता येत. 'पोलितिकेरियास' या चित्रपटात तर हाजी अली नावाचा एक इजिप्शियन कसरतपटू मध्येच आणून उभा केला आहे. तो पाणी आणि रॉकेल पितो, मग तोंडातून रॉकेल उडवून आग भडकवतो आणि मागाहून पाणी उडवून ती विझवतो. कथेशी याचा संबंध बेताचाच. खेळ लांबवण्याची कला फक्त आपल्या नाटकवाल्यांनाच अवगत आहे हा माझा समज त्या दिवशी खोटा ठरला.

आम्ही पहिल्यांदा पाहिला तो 'लाद्रोनेस'. एका पोलिसाच्या हद्दीत चोऱ्या फार होतात. नोकरी टिकवायची तर चोर पकडून दाखवला पाहिजे. तो बाकावर झोपलेल्या जाड्या-रड्याला गाठतो आणि म्हणतो, माझ्या साहेबाच्या घरी चोरी करा, मी तुम्हाला पकडतो, मागाहून सोडवतो. पुढे काय होते ते सांगायला नकोच. चोरी गुपचूप करायची असते ही एकच गोष्ट या दोघांना जमत नाही.

कन्या हसून हसून लोळत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, यांचा जोर भलत्याच अक्षरावर पडतोय हो! आमच्या बाईंनी तर कान धरला असता." तिला पाच महिन्यांच्या स्पॅनिशवर आलेला हा अधिकार पाहून मला घराण्याचा अभिमान वाटला. माझ्या मनात आले, स्पॅनिश लोकांना हे ऐकून केवढा संताप आला असेल!

पण तो आलाच नाही. लोकांनी या अडखळत्या स्पॅनिशवर अतोनात प्रेम केले. ते दोघे आपली भाषा मोडत होते हे खरे, पण मोडता मोडता घामाघूम होत होते. पाहुणा आपल्या घरी येऊन, चुकतमाकत का होईना, आपल्या भाषेत पाणी मागतो, तेव्हा कोणती गृहिणी त्याचे व्याकरण तपासते? पुढे आवाज बसवण्याचे तंत्र सुधारले आणि एकच चित्रपट पुन्हा पुन्हा काढण्याचा हा खटाटोप थांबला. मग स्पॅनिश नटांनी या जोडीला आवाज दिले. ते नट अर्थातच अस्खलित स्पॅनिश बोलणारे होते. पण जाड्या-रड्यासाठी त्यांनी मुद्दाम तोच इंग्रजी वळणाचा, चुकलेल्या आघातांचा उच्चार उचलला! अचूक बोलणारे जाड्या-रड्या लोकांना खरे वाटले नसते.

हाल झाले ते अचूक बोलणाऱ्यांचे. १९३० ते १९३५ या काळात हॉलिवूडने शंभराहून अधिक चित्रपट स्पॅनिशमध्ये काढले. बहुतेकांत खरोखर स्पॅनिश बोलणारे नट होते, पण ते आणले होते दहा देशांतून. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी जे अक्षर 'थ'सारखे उच्चारतात, तेच मेक्सिकोत 'स' होते. ब्वेनोस आयरेसचा माणूस 'य'च्या जागी 'झ'सारखा आवाज काढतो. १९३१ सालचा 'ड्रॅक्युला' घ्या. इंग्रजी मंडळी दिवसा चित्रण उरकून गेली, की त्याच सेटवर रात्री स्पॅनिश मंडळी येत. त्यात ड्रॅक्युला स्पेनचा, नायिका मेक्सिकोची आणि नायक आर्जेंटिनाचा! विनोदी चित्रपटांतही हाच प्रकार. बाप एका देशाचे बोलतो, मुलगा दुसऱ्या आणि मोलकरीण तिसऱ्याच. प्रेक्षक कथा सोडून उच्चार ऐकू लागले. वर्तमानपत्रांतून वाद पेटले. त्या वादाला 'उच्चारांचे युद्ध' असेच नाव पडले. प्रत्येकाला आपला उच्चार शुद्ध वाटत होता आणि शेजाऱ्याचा हास्यास्पद. पुण्याचा, नागपूरचा आणि मालवणचा माणूस एका बैठकीत बसवला, तर काय होईल हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

या गोंधळात माद्रिदहून काही खरे विनोदी लेखकही हॉलिवूडला जाऊन पोचले. एन्रिके हार्दिएल पोन्सेला हा त्यांतला मोठा वल्ली. १९३३ साली त्याने जुन्यापुराण्या गंभीर मूकपटांना नवे खट्याळ निवेदन जोडून ते विनोदी करून टाकले. आपल्याच 'आंखेलीना' या नाटकावरचा १९३५ सालचा त्याचा चित्रपट तर सबंध पद्यात आहे. ज्या अमेरिकन स्टुडिओने त्यावर पैसे खर्च केले, त्याच्या धाडसाला मी मराठी संगीत रंगभूमीच्या वतीने नमस्कार करतो.

पण या भाषेतला बोलका विनोद खरा रुजला तो हॉलिवूडमध्ये नव्हे, लोकांच्या स्वतःच्या गावांत. १९३३ साली ब्वेनोस आयरेसमध्ये 'लोस त्रेस बेरेतीनेस' निघाला. नावातला 'बेरेतीन' हा शब्दच मुळी तिथल्या बोलीतला, अर्थ म्हणजे खूळ. त्यात लुईस सान्द्रीनी हा अडखळत बोलणारा नट आहे. त्याला टँगोच्या चाली सुचतात, पण स्वरलेखन येत नाही, म्हणून शीळ घालून तो त्या दुसऱ्यांना ऐकवतो. १९३८ मध्ये नीनी मार्शल ही बाई पडद्यावर आली. तिची कातिता म्हणजे ब्वेनोस आयरेसच्या साध्या वस्तीतली, इटलीतून आलेल्या कुटुंबातली बडबडी पोरगी. व्याकरणाचे हाल, शब्दांची उलटापालट आणि आत्मविश्वास मात्र महापौराचा! रेडिओवर तर तिला घरोघर ऐकत. १९४३ साली तिथे लष्करी सरकार आले आणि नीनी मार्शलला रेडिओवर बंदी झाली. कारण काय? तर तिची पात्रे भाषा बिघडवतात!

हे मला कन्येने वाचून दाखवले. ती म्हणाली, "किती मूर्ख लोक असतील ना, बाबा?"

मी काही बोललो नाही. मला एक मुलगा आठवला.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्या वर्षाच्या वर्गात तो होता. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात त्याने सोंगाड्याचे काम केले आणि सभागृह अक्षरशः डोक्यावर घेतले. पुढच्या बाकावर बसून मीही पोट धरून हसलो होतो. नंतर एकदा मी त्याला वर्गात उतारा वाचायला उभे केले. तो सरळ वाचत गेला, 'पानी', 'लोनी', 'कोन'. मी त्याला थांबवले आणि म्हणालो, "अरे, 'ण' हे अक्षर तुमच्या फाट्यावर उतरलंच नाही वाटतं!" वर्ग खदखदून हसला. तोही हसला. मला माझ्या हजरजबाबीपणाचे कौतुक वाटले. तो विनोद मी अध्यापकांच्या खोलीत जाऊन पुन्हा सांगितला.

त्यानंतर पदवी मिळेपर्यंत तो माझ्या वर्गात एक शब्द बोलला नाही. पुढच्या संमेलनात त्याचे नाव दिसले नाही. मी विचारले तेव्हा कुणीतरी म्हणाले, "तो आता भाग घेत नाही, सर."

काही वर्षांनी तो दाखल्यावर सही घ्यायला आला. अंगावर इस्त्रीचा सदरा. बोलणे शांत, मोजके, ज्याच्या त्याच्या जागी 'ण' असलेले. निघताना दारात थांबून म्हणाला, "सर, आता 'ण' बरोबर येतो." मी त्याची पाठ थोपटली. माझ्या शिकवण्याचे सार्थक झाले असे मला त्या दिवशी वाटले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आणि गमतीचाही एक शब्द नव्हता, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही. मी सही केली. पत्ता विचारला नाही.

आता आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, जी मी आजवर माझ्या वर्गांपासून लपवली. 'ण' माझ्याही फाट्यावर उतरला नव्हता. मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. शिकायला शहरात आलो तेव्हा खोलीतल्या मुलांनी माझ्या 'पानी'ची नक्कल केली. वसतिगृहातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने मी खडूने शब्द लिहून काढले. पाणी, लोणी, आणि, कोण, म्हणून. रोज सकाळी कपडे काढण्याच्या निमित्ताने दार उघडायचे, टाळूला जीभ लावायची आणि मनातल्या मनात घोकायचे. वर्षभरात जीभ वळली. मग मी ते दार ओल्या फडक्याने पुसून टाकले. इतके स्वच्छ पुसले की, दुसऱ्याची जीभ वळेना तेव्हा मला त्याची गंमत वाटू लागली.

जाड्या-रड्याचा फळा मला म्हणून सोडत नाही. खडूही तोच आणि घोकंपट्टीही तीच. पण ते दोघे दुसऱ्याच्या घरी जाण्यासाठी अक्षरे गिरवत होते. मी स्वतःच्या घराचा पत्ता पुसण्यासाठी गिरवत होतो.

एवढ्यावरून मी शुद्धलेखन सोडून दिले आहे असे कुणी समजू नये. माझे लाल पेन शाबूत आहे आणि उत्तरपत्रिकेत 'पानी' आले तर त्याखाली रेघ आजही पडते. चूक दाखवणे हे माझे कामच आहे. चुकणाऱ्याला वर्गाच्या हवाली करणे हे माझे काम नव्हते.

मेक्सिकोत असाच एक बोलणारा होऊन गेला. मारिओ मोरेनो, पण सारे जग त्याला कान्तिन्फ्लास म्हणून ओळखते. जन्म १९११ चा. आपल्या तमाशाच्या राहुट्यांशी ज्यांचे नाते सांगता येईल अशा तिथल्या फिरत्या तंबूंत तो तयार झाला. ढगळ विजार कमरेखाली घसरलेली आणि तोंडाचा पट्टा असा, की वाक्य सुरू होते, फाटे फुटतात, परत फिरते, आणि शेवटी काही म्हटलेच नाही असे ध्यानात येते. गरिबाला साहेबापुढे उभे केले की त्याची जी तारांबळ उडते, तिचेच त्याने हत्यार केले. १९४० सालच्या 'आई एस्ता एल देताये' या चित्रपटात त्याच्यावर खटला चालतो. त्याने मारलेले असते बॉबी नावाचे कुत्रे. खून झालेला असतो बॉबी नावाच्या गुंडाचा. बॉबीला मारलेस का, असे विचारताच हा प्रामाणिकपणे हो म्हणतो! मग तो बोलू लागतो. बोलता बोलता सारे न्यायालय असे गोंधळते, की अखेरीस वकील आणि न्यायाधीशही त्याच्यासारखेच बरळू लागतात. शुद्ध भाषेची सारी खुर्ची-टेबले त्या तंबूतल्या माणसाच्या बाजूला जाऊन बसतात. पुढे लोकांनी त्याच्या नावाचे क्रियापदच केले, 'कान्तिन्फ्लेआर', म्हणजे पुष्कळ बोलून काहीच न सांगणे. १९९२ साली स्पेनच्या राजमान्य अकादमीने ते आपल्या शब्दकोशात घेतले. ते दृश्य पाहताना मी खूप हसलो. मग मला वाटले, त्या मुलाला मी त्या दिवशी वर्गात तसेच बोलू दिले असते तर कदाचित मीच त्याच्यासारखे बोलू लागलो असतो. आणि मला ते जमलेही असते, कारण ती माझीच बोली होती.

तो मुलगा आता पस्तिशीकडे झुकला असेल. दिवाळी अंक वाचण्याची सवय त्याला त्या वेळी होती. हा अंक त्याच्या हाती पडला, तर त्याने एवढेच समजावे की त्या दिवशी चूक उताऱ्यात नव्हती. आणि त्याच्या घरी लहान मुले असतील तर त्यांना त्याने सोंगाड्या एकदा करून दाखवावा. 'ण' घालून नव्हे.

परवा रात्री गावाहून आईचा फोन आला. आमच्याकडे नळाचे दोन दिवस हाल चालले होते, ते तिला कुणीतरी सांगितले होते. तिने नेहमीप्रमाणे विचारले, "पानी आलं का रं?"

इतकी वर्षे या प्रश्नाला मी "हो, पाणी आलं" असे ठसठशीत उत्तर देत आलो आहे. तिला ते कधी दुरुस्तीसारखे टोचले असेल का, हे मी कधी मनात आणले नव्हते.

मी म्हणालो, "आलं की! लई पानी आलं. पार पिंपभर भरून ठिवलंय."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. शेजारी बसलेल्या कन्येने स्पॅनिशच्या पुस्तकातून मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग आईचा आवाज आला, थोडा घाबरलेला आणि थोडा हसणारा.

"आरं, बरा हाईस न्हवं?"